पाच हजार तीनमधून

“ताई, उद्यापासून पोर येणार नही,” चिंधाभाऊ पायरीवरूनच म्हणाला. “बठ्ठा अभ्यास शायमाच व्हई जास आते. घर येस तं दमी जास.”

वृषालीताईंनी नुसती मान हलवली. देवपुरातल्या त्यांच्या ओसरीवर एकोणीस वर्षं शिकवणी चालत होती. जूनपासून पलीकडच्या शाळेने साडेबाराची सुट्टी साडेपाचवर नेली आणि पोरं एकेक करून गळाली. उरली ती रिक्षावाल्या चिंधाभाऊची दीपमाला. सहाला यायची आणि वहीवर डुलक्या घ्यायची. तिची जांभई बघून ताईंना आत कुठेतरी गार वाटायचं. पाच तास जास्तीचे कोंडून काय दिवे लावले त्या कामिनीबाईंनी? कामिनीबाई शाळेतल्या नव्या, जेमतेम पंचविशीच्या. पण पोरांच्या तोंडी ऊठसूट ‘आमच्या बाई’. ताईंना इतक्या वर्षांत कुणी ‘आमच्या’ म्हटलं नव्हतं.

“जाता जाता एक गणित कर,” ताई बापामागे उभ्या दीपमालाला म्हणाल्या आणि मुद्दाम दोन शून्यांचं घातलं. पाच हजार तीनमधून सोळाशे अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षं घसा कोरडा करूनही हातच्याची वजाबाकी दीपमालाच्या डोक्यात शिरली नव्हती.

पोरीने ओठ हलवत उत्तर लिहिलं. ३३२५.

बरोबर होतं. ताईंना मिरची झोंबल्यासारखं झालं.

“चुकनं का, ताई?” चिंधाभाऊने विचारलं. त्याला अक्षरओळख नव्हती. ताई म्हणतील तेच खरं.

त्या दिवशी संकष्टी होती. सकाळपासून ताईंच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. खोटं मात्र सहज ओठांवर आलं. “चुकलं. बघ पुन्हा.”

“मंग येऊ द्या तिले तुमनाकडेच,” चिंधाभाऊ म्हणाला.

दीपमालाने पुन्हा केलं. पुन्हा ३३२५. ती ताईंच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने ते खोडरबराने पुसलं आणि जुन्या खोडीने, दिसेल त्या मोठ्या आकड्यातून लहान वजा करत, लिहिलं: ४६७५.

“आता बरोबर ना, ताई?”

नीट आलेलं तिने ताईंच्या एका शब्दाखातर मोडलं होतं. ताईंना तिच्याकडे बघवेना.

“पहिलंच बरोबर होतं गं. चूक माझी.”

“आते तुम्ही बी चुकाले लागनात का?” चिंधाभाऊ हसला.

“लागले, भाऊ. नका पाठवू तिला उद्यापासून.”

तो रिक्षा वळवायला गेला. ताई हळूच म्हणाल्या, “तुझ्या बाई कशा शिकवतात, ते दाखव बरं मला.”

दीपमालाने इकडेतिकडे पाहिलं. देवघरात ताईंनी नेमाने वळलेल्या वाती होत्या, दहा-दहाच्या जुड्या दोऱ्याने बांधलेल्या. तिने दोन जुड्या आणि तीन सुट्या वाती आणून चटईवर मांडल्या.

“तेवीसमधून आठ काढा. सुट्या पुरत नाहीत ना? मग जुडी सोडायची. आधी शाळेत एवढं मांडेपर्यंत घंटा व्हायची. आता दुपारभर मांडतो आम्ही.”

जुडी देवासाठी बांधलेली. ताईंचा हात थबकला. मग त्यांनी गाठ उकलायला घेतली. दोरा निघता निघेना.

दीपमाला ताईंच्या खुर्चीवर चढून बसली होती. पाय हलवत, अगदी दुसऱ्याच कुणाच्या आवाजात म्हणाली, “सावकाश करा. घाई नाही.”

ताई चटईवर मांडी घालून एकेक वात वेगळी करू लागल्या.