जिन्यावर बसलेलं ऑफिस

त्या ऑफिसात इमारतींचे नकाशे तयार होत. शाळेच्या वर्गात ऊन किती यावं, दवाखान्यात वारा कुठून खेळावा, याच्यावर तिथं तासन्‌तास वाद चालत. पण नव्या जागेत आल्यावर साहेबांनी स्वतःच्या ऑफिसच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि फटी सिलिकॉनने बुजवून टाकल्या. एसीचा गारवा बाहेर जायला नको म्हणून. शिवाय जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा चिकटवला. त्याच्या गोंदाचा वास काही केल्या जाईना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

हळूहळू दुपारी डोकी धरायला लागली. कुणाचे डोळे चुरचुरत, कुणाचा खोकला हटत नसे. सगळ्यांत जास्त हाल हिशेब बघणाऱ्या काकांचे. त्यांना जुना दमा. साहेबांच्या वडिलांनी ऑफिस काढलं तेव्हापासून ते तिथं होते. ते वरचेवर खिशातला पंप काढत आणि लाजल्यासारखे भिंतीकडे तोंड करून ओढत.

नकाशे काढणाऱ्यांत एक बाई होती. तिला सगळे फूटपट्टी म्हणत, कारण तिची रेघ सरळ आणि बोलणं त्याहून सरळ. ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, खिडक्या उघडायला हव्यात. माणसं आजारी पडताहेत."

साहेब हसले. "तुम्हाला एसीची सवय नसेल, म्हणून तसं वाटतं."

"मला श्वास घ्यायची सवय आहे, सर."

साहेबांचं हसू मावळलं. "बघू," एवढंच म्हणाले.

बघितलं काहीच नाही. उलट त्याच सुमारास 'निरोगी आणि हिरवं ऑफिस' अशी एक स्पर्धा जाहीर झाली आणि साहेबांच्या डोक्यात बक्षीस शिरलं. खांबांना प्लास्टिकचे वेल गुंडाळले गेले. दारातच मोठी पाटी लागली : 'आम्ही निसर्गासोबत श्वास घेतो.' वेलांवर धूळ बसायची. ती झटकली की काकांना शिंकांवर शिंका.

एका दुपारी काकांचा श्वास अडकला. पंप ओढला, पुन्हा ओढला, उपयोग होईना. ओठ निळसर पडले, हात टेबलाची कड शोधत राहिले. कुणी पाणी आणलं, कुणी फोन लावला. फूटपट्टीने कागद कापायचं कटर उचललं आणि जवळच्या खिडकीच्या फटीतलं सिलिकॉन खालपासून वरपर्यंत चिरत नेलं. मग दोन्ही हातांनी तावदान ढकललं. खिडकी करकरत उघडली. रस्त्यावरचे हॉर्न आत आले, थोडी धूळही आली, आणि त्यांच्यासोबत हवा आली. तिने काकांची खुर्ची ओढून तिथं लावली. रुग्णवाहिका येईपर्यंत ती त्यांची पाठ धरून उभी होती.

काका वाचले. डॉक्टरांनी मोठी रजा सांगितली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. खिडकी तोवर पुन्हा बुजवली होती, वर कुलूपही लागलं होतं.

"ऑफिसच्या वस्तूची नासधूस झालीये," ते म्हणाले. "ज्यांनी केली त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागावी, म्हणजे विषय संपला."

"माफी मागण्यासारखं मी काही केलं नाही," फूटपट्टी म्हणाली. "आणि विषय संपलेला नाही."

तिने लॅपटॉप उचलला, कागदांची गुंडाळी काखोटीला मारली आणि बाहेर जाऊन जिन्याच्या वळणावर बसली. तिथं एक जुनी उघडी खिडकी होती आणि दोन माणसं ऐसपैस बसतील एवढी जागा. साहेब मागोमाग आले.

"इथं बसलात तर गैरहजेरी लावीन."

"लावा, सर. नकाशे वेळेवर मिळतील."

घरी नवरा वैतागला. "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? पुढच्या महिन्यात तुला प्रमुख करणार होते ना?"

"होते."

"मग?"

सासूबाई मध्ये पडल्या. "अरे, माणूस गुदमरत होता तिथं. तिने काय नुसतं बघत बसायचं होतं?" मग सुनेकडे वळल्या. "पायरीवर बसून कंबर धरेल. माझी उशी घेऊन जा."

उशी घेऊन ती गेली. पहिले काही दिवस एकटीच होती. येणारेजाणारे बघत, कुणी नजर चुकवत. मग एक इंजिनियर 'जरा पाय मोकळे करतो' म्हणून आला आणि तिथंच टेकला. त्याच्यामागून दोघी आल्या. आठवडा सरता सरता अर्धं ऑफिस जिन्यावर पसरलं होतं. एका पायरीवर शाळेचा नकाशा, दुसरीवर दवाखान्याचा. वायरींत पाय अडकत, वर जाणाऱ्यांना वाट देताना सगळ्यांना उठावं लागे. पण डोकी धरायची थांबली होती.

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी साहेब जिन्यावर आले. आवाज मऊ होता.

"ताई, उद्याचा एक दिवस आत बसा. ऑफिसच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"खिडक्या उघडा. आत्ता येऊन बसते."

"तुम्ही हट्टाला पेटलाय."

"हो," ती म्हणाली.

परीक्षक बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पाटी वाचली, वेलाचं एक पान बोटांत धरून सोडून दिलं. मग रिकाम्या टेबलांकडे बघत विचारलं, "माणसं कुठं आहेत?"

"कामावर," साहेब म्हणाले. "बांधकामाच्या जागी."

दाराशी फोन घेणारी मुलगी बसलेली असे. तिला जागा सोडायची मुभा नव्हती आणि मोठ्याने बोलायची सवयही नव्हती. तिने साहेबांकडे बघितलं, मान खाली घातली आणि म्हणाली, "जिन्यावर आहेत, मॅडम. आत कोंडतं."

परीक्षक बाई जिन्यावर बराच वेळ थांबल्या. बक्षीस अर्थातच मिळालं नाही.

संध्याकाळी साहेब वळणावर येऊन उभे राहिले. "झालं समाधान?"

"नाही, सर. खिडक्या अजून बंदच आहेत."

तरी साहेब नमले नाहीत. नमले ते काका परत आल्यावर. काका बारीक झाले होते. ते दारापर्यंत गेले, आतला वास आला तसे थबकले आणि आपल्या फायली मागवून घेऊन जिन्याकडे वळले. साहेब केबिनमधून धावत आले.

"काका, तुम्हीसुद्धा?"

काकांनी त्यांना शाळेच्या गणवेशात पाहिलं होतं. ते पायरीवर सावकाश बसले. "मी भांडायला बसलो नाही रे. मला आत श्वास घेता येत नाही, एवढंच. तुझ्या वडिलांनाही मी असंच सांगितलं असतं."

साहेब तिथंच उभे राहिले, मग आत गेले.

दोन दिवसांनी कामगार आले. खिडक्यांमधलं सिलिकॉन निघालं, वेल निघाले, गालिचा उचकटला. लोक टेबलांवर परतले. प्रमुखपद मात्र दुसऱ्याला मिळालं. फूटपट्टीला वाईट वाटलं, आणि नवऱ्याने विचारलं तेव्हा तिने ते लपवलं नाही. "पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा कापीन," असंही म्हणाली.

कामगार गालिच्याच्या गुंडाळ्या जाळायला मागच्या पटांगणात नेत होते. तिने खिडकीतून पाहिलं, खाली उतरली आणि आडवी उभी राहिली.

"हे इथं जाळायचं नाही."

"साहेबांनी सांगितलंय, बाई."

साहेब वरून डोकावले. कपाळाला हात लावत म्हणाले, "आता हेही तुम्हीच ठरवणार का?"

"ह्याचा धूर शेजारच्यांच्या घरात जाईल, सर. जुने गालिचे घेणारा कारखाना आहे, मी फोन केलाय. गाडी येईपर्यंत मी इथंच आहे."

तिने एक गुंडाळी ओढून घेतली आणि तिच्यावर बसली.