लंगराचा मान

शिवांजलीनं लंगर तोडला तर तिच्या बापाला, बलभीमला, काय काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ. चंपाषष्ठीला आमच्या खंडोबापुढं लोखंडी साखळी एका हाताच्या झटक्यानं तोडायची, हा लंगराचा मान त्याच्या आज्यापासून त्याच्या घरात. आता त्याची कंबर गेलेली, पोटी पोरगा नाही, आणि चुलतभाऊ रणधीर बाह्या वर करून बसलेला. पोरीनं लंगर तोडला की मान घरातच राहणार होता. शिवाय ‘पोरीचा खांदा कामातून गेला’ म्हणणारी तोंडं गप होणार होती. आणखी एक फायदा त्यानं कुणाला बोलून दाखवला नाही, पण तो चेहऱ्यावर दिसायचा. त्याला निवांत झोप लागणार होती. खर्चाच्या बाजूला त्यानं काही धरलंच नव्हतं.

बलभीमचे हिशेब असेच. पोरगी लहान असताना त्यानं ज्वारीचं खळं मोडलं, त्यावर मुरूम पसरून रूळ फिरवला, शेणानं सारवलं आणि मधोमध जाळी बांधली. लोकांनी विचारलं, “दादा, मासे धरताय व्हय?” त्याच खळ्यावरून पोरगी सोलापूरला गेली, मग पुण्याला, आणि मग विमानानं कुठं कुठं. टेनिसमधल्या जगातल्या पहिल्या साडेतीनशे बायकांत तिचं नाव आलं तेव्हा रणधीरनं नळदुर्गच्या हायवेला बॅनर लावला. त्यात शिवांजली तळहाताएवढी होती आणि रणधीर पुरुषभर.

मग शरीर कुरकुरायला लागलं. आधी घोटा मुरगळला, त्यात एक हंगाम गेला. तो बसतो न बसतो तोवर कोपर. शेवटी थायलंडमध्ये, जिंकत आलेल्या सामन्यात, सर्व्हिस करताना खांदा असा गेला की रॅकेट हातातून सुटून पंचाच्या खुर्चीखाली जाऊन पडली. पुण्यात ऑपरेशन झालं. वर्षभर ती खळ्याच्या कडेला बसून रबराची पट्टी ओढत होती, आणि इकडं जिला कधीकाळी तिनं हरवलं होतं ती एकेक पोरगी तिच्या पुढं निघून जात होती.

टेनिसवाल्यांचा एक नियम आहे. जखमी खेळाडूचा जुना क्रमांक काही काळ राखून ठेवतात आणि त्यावर मोजक्या स्पर्धांत घेतात. तेवढ्यात जम बसला तर बसला, नाहीतर पुन्हा तळापासून. तिची पहिली स्पर्धा सोलापूरला होती, चंपाषष्ठीच्या यात्रेनंतर पंधरवड्यावर. ऑपरेशन करणाऱ्या शुभांगी डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं, “बॉल मार, हळूहळू जोर वाढव. पण वेडावाकडा झटका नको. हे परत फाटलं तर शिवायला काही उरणार नाही.”

म्हणून मानाचं बोलणं निघालं तेव्हा शिवांजलीनं आधी नकारच दिला.

“आप्पा, झटका न्हाय द्यायचा. डॉक्टरबाई म्हणल्यात.”

“अगं झटका कशाचा! कडी कच्ची असती. शेवग्याची शेंग मोडावी तशी मोडती. तुझा आज्जा काठी टेकत यायचा आन् लंगर तोडून जायचा. त्याच्यात काय पैलवानकी होती व्हय?”

“म्हंजे नाटकच की!”

“देवाचं हाय. नाटक म्हणू नगं.”

खोटं काही नव्हतं. गोरोबा लोहार दरसाल लंगराची एक कडी कच्ची ठेवायचा, तिची तोंडं नुसती टेकवून. गावाला ठाऊक होतं आणि गाव बोलत नव्हतं. शिवांजलीनं आपल्यापुरता विचार केला. ज्या बापानं खळ्यावर जाळी बांधली त्याच्यासाठी एक हलका हिसका, एवढंच तर होतं. ती हो म्हणाली.

घोटाळा झाला गोरोबाच्या भट्टीवर. चार माणसं चहा पीत बसलेली, त्यात बलभीम. रणधीर आला आणि उभ्यानंच म्हणाला, “गोरोबामामा, औंदा कडी शिवणाच्या दोऱ्यानं बांधा. चॅम्पियन येणार हाय. खांदा कापसात गुंडाळून ठिवलाय म्हनं.”

हशा झाला. बलभीमला चहा संपवून उठता आलं असतं. तो म्हणाला, “कडी पक्की कर, गोरोबा! माझ्या पोरीला कच्ची कडी लागत न्हाय.”

“दादा, बोलायला काय लागतंय? भंडारा उचला.”

आणि रणधीरनं खिशातून हळदीची पुडी काढली. चहा प्यायला येणारा माणूस खिशात भंडारा घेऊन का येतो, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. आमच्याकडं भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द मागं घेता येत नाही. बलभीमनं भंडारा उचलला. रणधीरनं उरलेली चिमूट गोरोबाच्या तळहातावर ठेवली. “मामा, तुमीबी उचला. कडी पक्कीच जोडीन म्हणा.”

दिवेलागणीला बलभीम एकटाच पुन्हा भट्टीवर आला.

“गोरोबा, जरा समजून घे की.”

“आप्पा, माझ्याबी हातावर ठिवला की वो त्यानं.”

“मग कडीचा गज तरी बारीक घे.”

“गज रणधीर स्वतः निवडून देऊन गेलाय.” गोरोबानं ठिणग्यांवरून मान वर केली नाही. “पोरीला सांगा, आप्पा.”

“सांगतो.”

जेवताना शिवांजलीनं विचारलं, “आप्पा, नखांत हळद कसली?”

“देवाची,” बलभीम म्हणाला आणि भाकरी कुस्करत राहिला. सांगितलं तर ती नाही म्हणणार, आणि मान रणधीरच्या दारात जाणार. गावानं धरलं की बापानं घरात सांगितलं असेल. पोरगी कळून-सवरून उभी राहतेय. तिच्या धाडसाचं कौतुकसुद्धा झालं.

यात्रेच्या आदल्या दिवशी तिनं खळ्यावर वर्षातली पहिली पूर्ण जोराची सर्व्हिस मारली. चेंडू मुरमावर असा आपटला की शेजारच्या तुरीतले होले उडाले. दुखलं नाही. तिनं पुन्हा मारली. तरीही नाही. तिनं पुण्याला डॉक्टरांना फोन लावला आणि बोलता बोलता रडली. बलभीम बांधावर उभा होता. तो तिथूनच परत फिरला.

चंपाषष्ठीला देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. लंगराचं एक टोक दगडातल्या लोखंडी कड्यात अडकवलेलं, दुसरं शिवांजलीच्या उजव्या हातात. कपाळभर भंडारा. ती बापाकडं झुकून हळूच म्हणाली, “शेवग्याची शेंग.” बलभीमनं तोंड उघडलं, तेवढ्यात हलगी कडाडली. मग त्यानं ते मिटलं.

पहिला हिसका तिनं हलकाच दिला. साखळी ताणली, खणखणली आणि ढिली पडली. दुसरा जरा जोरात. तसंच. मागून कुणीतरी खिदळलं.

तिनं गोरोबाकडं पाहिलं. तो स्वतःच्या पायांकडं बघत होता. तिनं बापाकडं पाहिलं. तो कळसाकडं बघत होता. मग तिची नजर त्याच्या नखांवर गेली आणि त्या दिवशीची हळद कसली होती ते तिला कळलं.

तरीही लंगर खाली ठेवता आला असता. तिची बोटं सुटायलाही लागली होती. तेवढ्यात रणधीर पुढं झाला, अगदी मायेनं. “ठिव गं बाई. खांदा जपायचाय तुला. दे काकाकडं.”

शिवांजलीनं साखळीचा एक वेढा मनगटाला घेतला. पाय रोवले, हात मागं नेला, सर्व्हिसला नेते तसाच, आणि अंगात होतं नव्हतं तेवढं त्या हातात ओतलं.

काहीतरी तुटल्याचा आवाज आला.

“येळकोट येळकोट जय मल्हार!” गाव ओरडलं. हलग्या सुटल्या, भंडारा असा उधळला की हाताला हात दिसेना. बलभीम नाचायला लागला, कंबर विसरून.

भंडारा खाली बसला तेव्हा लंगर अख्खा होता. मनगटाचा वेढा तसाच होता. हात मात्र खुंटीवरच्या सदऱ्याच्या बाहीसारखा लोंबत होता. डाव्या हातानं तिनं वेढा सोडवला, साखळी बापाच्या पायाशी ठेवली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली.

मान रणधीरकडं गेला. पुढच्या साली त्यानं एका झटक्यात लंगर तोडला. भंडारा उचलायला त्याला कुणी लावलं नव्हतं, आणि गोरोबानं कडी पुन्हा पूर्वीसारखी कच्ची केली होती. गोरोबाचा शब्द राहिला. गावाला सांगायला गोष्ट मिळाली. सोलापूरला तिची जागा दुसऱ्या एका पोरीला मिळाली. बलभीमनं जाळी सोडली, खळ्यावर परत ज्वारी आली. झोप तेवढी आली नाही. तो ताटात भाकरी कुस्करून ठेवतो, शिवांजली डाव्या हातानं जेवते आणि त्याच्याशी जेवणापुरतंच बोलते.

शब्द बापानं दिला, गज काकानं निवडला, कडी गोरोबानं जोडली, जयजयकार गावानं केला. भरलं एका खांद्यानं.