म्हसोबाचं मटण आन् प्रभूची भाकर

मी अर्जुना. पलूसच्या अलीकडं आमची पंधरा घरांची ख्रिस्ती मंडळी, आन् मी तिचा पंच. माझ्यासारखा पंच वैऱ्यालाबी मिळू नये.

बहात्तरच्या दुष्काळात घरात चूल पेटत न्हवती. तवाच म्हसोबाची जत्रा झाली. माझा धाकटा भाऊ धुळा तिथनं डेचकीभर मटण घेऊन आला. दार लावून आमी दोघांनी खाल्लं. त्याची बायको भामाबाई वाढत हुती, तिनं तोंडाला लावलं न्हाई.

डेचकी आणताना धुळा कुणाच्या तरी नजरंला पडला. म्हसोबापुढचं खाल्लं म्हंजे मंडळीचा नेम मोडला. पंचांनी त्याचं प्रभुभोजन, म्हंजे प्रार्थनेला प्रभूच्या नावानं वाटत्यात ती भाकर, बंद केलं. ठरावावर माझीबी सही हाय. वर मीच त्याला दरडावलं, भाकर बंद म्हंजे स्वर्गाचं दार बंद.

सांगलीचे पाळक, म्हंजे आमचे पाद्री, तीन म्हयन्यातनं एकदा यायचे. उपदेश ठरलेला: नेम पाळून कुणी तरत न्हाई, माणूस विश्वासानं तरतो. आन् उपदेश संपला की नेमाची वही उघडायची. वहीत लिवलेलं, ज्यानं खाल्लं त्यानं मंडळीपुढं उभं राहावं आन् कुणाबरोबर खाल्लं ते नावानिशी सांगावं. मग भाकर.

धुळा दर खेपंला उभा राहायचा. "खाल्लं," म्हणायचा. "बरोबर कोण हुतं?" म्हटलं की गप. भामाबाईलाबी त्यानं शपथ घातलेली. मी पंचांच्या बाकावर बसून खाली बघायचो.

अशी दोन वर्सं गेली. मग त्याला क्षयानं गाठलं. शेवटच्या दिवशी पाळक गावातच हुते. धुळा म्हणाला, "दादा, तेवढी भाकर मिळव की. तुझं नाव न्हाई घेणार मी. पण तिच्याबिगर मराया लय भ्या वाटतंय."

"बघतो," म्हणालो. बघायचं काय डोंबल हुतं त्यात! पाळकांकडं गेलो. त्यांनी इचारलं, "नाव सांगितलं का त्यानं?" मी म्हणालो, "न्हाई." नाव तर त्यांच्यापुढं उभं हुतं. पण पंचकी जाईल, चारचौघांत तोंड काळं हुईल, म्हणून जीभ उचलली न्हाई. हात हलवत परत आलो. धुळा माझ्या हाताकडं बघत ऱ्हायला आन् दिवस मावळताना त्यानं जीव सोडला. नेमापरमाणं त्याला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरला.

फुडच्या प्रभुभोजनाला मला ऱ्हावलं न्हाई. उठलो आन् म्हणालो, "धुळाबरोबर मी खाल्लं हुतं." लहान पोरागत रडलो.

मला वाटलं, आता भाईर काढतील. पाळकांनी पाठीवर हात ठेवला. "अर्जुना, विश्वास ठेव, क्षमा झाली. ये." आन् सगळ्यांच्या आधी भाकरीचं ताट माझ्याफुडं धरलं.

बायकांच्या बाजूनं भामाबाई उठली. आवाज चढवला न्हाई तिनं.

"खावा भावजी," म्हणाली. "तवाबी तुमीच जास्त खाल्लं हुतं."

ती दाराभाईर गेली. ताट तसंच हुतं. मी तुकडा उचलला आन् खाल्ला.