दीड शेर रक्त

कमरेखालचे सारे बधिर झाले होते, पण ऑपरेशनच्या टेबलावर मैना जागी होती. पोटावर आडवा धरलेला पडदा एका बाजूने सरकला होता, आणि त्या फटीतून तिला एक वजनकाटा दिसत होता. नर्स शोभाताई भिजलेली कापडे एकेक करून त्यावर टाकत होत्या. मूल रडले, मुलगी झाली म्हणून कोणीतरी सांगितले, तरी कापडे येतच राहिली. डॉक्टरीण नुसत्या नजरेच्या अंदाजावर भागवायला तयार नव्हती. कोरड्या कापडाचे वजन वजा करून सांगा, असे ती पुन्हा पुन्हा बजावत होती. आकडा चढला तशी तिने रक्ताची बाटली मागवली.

वॉर्डात आल्यावर मैनाने विचारले, ते काय तोलत होता? शोभाताईंनी आधी टाळले, मग खरे ते सांगितले. आपल्या मापाने दीड शेर रक्त गेले होते. बाटली वेळेवर लागली म्हणून निभावले. आता सव्वा महिना मागाला, सुताच्या रहाटाला हात लावायचा नाही. रोज सूत तोलणाऱ्या कोष्ट्याच्या घरातल्या बाईला ओल्या-कोरड्याचा हिशेब समजावून सांगावा लागला नाही.

माहेर खाप्याला होते, पण आई नव्हती. म्हणून दवाखान्यातून ती तांडापेठेत सासरीच आली. लग्नसराई तोंडावर होती. सासरे दादाजी एका मागावर, नवरा वसंत दुसऱ्या मागावर. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या रहाटावर भरायला हात कमी पडत होते. आठवडाभराने सासूने, जनाबाईने, रहाट आणून तिच्या बाजेशी ठेवला.

मैनाने तो परत सरकवला. रक्त फार गेले, उठले की अंधारी येते, टाके ओढतात, असे तिने सांगितले. जनाबाईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. आपण सात बाळंतपणे काढली, पाचव्या दिवशी कांड्या भरायला बसलो. हिला दवाखान्यातल्या बायांनी लाडावून ठेवले. वसंत मान खाली घालून धोटा फेकत राहिला.

"थोडंसं रक्त तं साऱ्याच बायाईचं जाते," दादाजी मागावरून म्हणाले.

मैना भिंत धरून उठली. अंगणात सुतासाठी लाल रंग कालवून ठेवला होता. तिने दुधाचे शेराचे माप त्यात बुडवले आणि आत येऊन मागासमोरच्या सारवलेल्या जमिनीवर ओतले. पुन्हा गेली, अर्धे माप भरून आणले, तेही ओतले. लाल पाणी पसरत, दादाजी पाय सोडून बसले होते त्या मागाच्या खड्ड्यात उतरू लागले. दादाजींनी पाय वर घेतले.

"थोडंसं म्हणता ना, मामाजी? इतकं गेलं माह्यं. काट्यावर तोललं त्याईनं. सव्वा महिना मी कांडी भरणार नाही. लुगडी राहिली तं राहू द्या."

वसंतचा धोटा थांबला होता.

जनाबाई रहाट उचलायला वाकली होती, ती तशीच खाली बसली. त्या लाल ओघळाकडे पाहत राहिली.

"माह्यं किती गेलं असन वं?" ती हळूच म्हणाली. "थोरला झाला तवा बाजेखाली टपकून राहिलं होतं. कोणं मोजलंच नाही."

मैना सासूशेजारी बसली.

दादाजींनी मागावरूनच विचारले, मग कांड्या भरायच्या कोणी? जनाबाईचा हात सवयीने रहाटाकडे गेला. मैनाने तो धरला.

"तुमी बी नाही, आत्याबाई. आज मामाजी भरतीन."

दादाजींनी लेकाकडे पाहिले. वसंत म्हणाला, "भरा ना, बाबा. नाही तं मी भरतो." मग दादाजी खड्ड्यातून वर आले, लाल झालेल्या टाचा पंच्याने पुसल्या आणि रहाटापाशी मांडी घालून बसले. सूत एकदा तुटले, पुन्हा तुटले. सांधून द्यायला कोणी उठले नाही. जनाबाईने नातीला मांडीवर घेतले आणि भर दुपारी, हातात काही काम नसताना, भिंतीला पाठ टेकली.