दोन टोकांचं टेबल

आमच्या दुकानातलं टेबल येत्या शुक्रवारी दुपारी मधोमध कापायचं ठरलं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात लॅटिनच्या बाईंनी मला कापाकापीची पाच क्रियापदं दिली. योगायोग असावा, पण इतका निर्लज्ज असू नये.

शनिवारी शाळेत भाषांचा कार्यक्रम होता. त्यात ही पाच क्रियापदं मी स्टेजवर करून दाखवायची होती. गेल्या वर्षी असं काही अंगावर आलं असतं, तर मी सोयीस्कर आजारी पडले असते. यंदा मला काय झालंय कोण जाणे, बाईंचा प्रश्न संपायच्या आत माझा हात वर असतो. बाई म्हणाल्या, "कोण?" मी म्हणाले, "मी!" कशासाठी, ते मागाहून कळलं.

तर ऐका. सेकारे म्हणजे पात्याने सफाईदार कापणं. फिंदेरे म्हणजे वस्तूला तिच्या अंगच्याच रेषेवरून चिरणं, ओंडका उभा फोडतात तसं. स्किंदेरे म्हणजे ओढून टरकावणं. कायदेरे म्हणजे घाव घालून तोडणं. आणि दिविदेरे म्हणजे वाटून वेगळं करणं. पहिल्या चारांसाठी मला सफरचंद, लाकडाची ढलपी, जुनी चादर आणि भोपळा सापडला. पाचव्यासाठी काही सापडेना. मी घरभर, दुकानभर, रस्ताभर पुटपुटत हिंडत होते. एका जागी बसणं मला तसंही जमत नाही, म्हणून तर सगळे मला भिंगरी म्हणतात. पण त्या आठवड्यात पायाला चाकं लागली होती ती क्रियापदांमुळे नव्हे. टेबलामुळे.

आमचं दुकान पडद्यांचं. बाबा आणि आत्या दोघं मिळून चालवतात. टेबल इतकं लांब, की अख्खा पडदा त्यावर सरळ आडवा पडतो. दाराकडच्या टोकाला बाबा आणि खिडकीकडच्या टोकाला आत्या, मी जन्मायच्या आधीपासून. पडद्याचं डोकं बाबांचं: चुण्या, पट्टी, कड्या. पाय आत्याचे: खालची दुमड, कोपरे, पडदा सरळ पडावा म्हणून आत शिवायचं वजन. मधली जागा माझी. तिथे स्टुलावर बसून मी वाचायला शिकले, गणितं चुकवली आणि दुधाचा एक दात पाडला.

मखमल कापायची असली की एक रीत होती. मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला तर सुळकन जातो, उलट फिरवला तर अडतो. कात्री लावण्याआधी दोघं आपापल्या टोकाला तळवा ठेवायची.

"लव कुणीकडे?" बाबा विचारायचे.

"माझ्याकडे!" आत्या ओरडायची. मगच कात्री.

भांडण झालं कापायच्या यंत्रावरून. आत्याला ते हवं होतं, एका दमात थप्पीच्या थप्पी कापणारं. बाबा म्हणाले, कापड डोळ्यांनी कापतात. आत्या म्हणाली, मग डोळ्यांनीच शिव. तिथून बोलणंच बंद. मग ठरलं, दुकानाच्या मधून फळ्यांची भिंत आणि टेबलाचे दोन तुकडे. सुतारकाकांनी येऊन टेबलावर पेन्सिलीने रेघसुद्धा मारली, बरोबर माझ्या स्टुलासमोर. आईने आधीच जाहीर केलं होतं, "बहीणभावाच्या मध्ये मी पडणार नाही." म्हणजे पडलं कोण? मी.

"भिंगरे, तुझ्या बाबाला सांग, मोठी कात्री इकडे दे."

बाबा आठ पावलांवर उभे. त्यांना ऐकू आलेलं मला दिसायचं. तरी मी चालत जाऊन सांगेपर्यंत ते छताकडे बघत राहायचे.

"तुझ्या आत्याला म्हणावं, तिच्याच पुढ्यात आहे."

मी परत. "आत्या, तुझ्याच..."

"ऐकलं मी. बहिरी नाही झाले."

"मग मला कशाला पळवता गं?"

"व्यायाम होतो तुला!" हे दोघं एकदम म्हणाली, आणि एकदम म्हणालो म्हणून दोघंही आणखी चिडली.

मला भीती एवढीच होती: टेबल कापलं की हेही संपणार. आत्ता निदान एका टेबलावरून भांडतायत. भिंत झाली की मी निरोप तरी कुठून नेणार?

आणि त्यातच शाळेच्या स्टेजचा पडदा आमच्याकडे शिवायला आला. जांभळी मखमल, दोन तागे, दोन अर्धे. एक अर्धा बाबांनी घेतला, एक आत्याने. पेन्सिलीची रेघ ओलांडायला कुणीच तयार नाही, म्हणून दोघांनी आपापल्या टोकाला घड्या घालघालून कापलं आणि आपापलं शिवलं. काय सुंदर कापलं! लांबी तंतोतंत एक, कडा सुरीसारख्या. सगळी मापं मी इकडून तिकडे नेली होती. लवेचं मात्र कुणी काही सांगितलं नाही. तो निरोप कधी नव्हताच. ती टेबलावर तळवे ठेवून मारायची हाक होती.

शुक्रवारी सकाळी पडदा टांगला. मी सफरचंद आणि भोपळा घेऊन स्टेजवर सराव करत होते, तेवढ्यात शिपाईदादांनी दिवे लावले. लॅटिनच्या बाई समोर खुर्चीत होत्या. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला.

"एक बाजू जुनी आहे का गं?"

मी वळले. डावा अर्धा ताज्या वांग्यासारखा गर्द, उजवा फिका, धुऊन धुऊन विटल्यासारखा. मी धावत जाऊन उजव्यावरून हात खाली ओढला. सुळकन गेला. डाव्यावरून ओढला. अडला.

एकाची लव खाली, दुसऱ्याची वर, म्हणून रंग दोन. मला एका क्षणात दोघांचे हात दिसले. तागा उलगडताना बाबांनी नेहमीसारखी डोक्यापासून सुरुवात केली. आत्याने नेहमीसारखी पायापासून. आजवर समोरच्या टोकाला दुसरं कुणी असायचं, म्हणून बरोबर यायचं. या वेळी दोघांच्याही समोर पेन्सिलीची रेघ होती.

"शिपाईदादा, दोन्ही उतरवा!" मी म्हणाले. हो, मी. आणि त्यांनी ऐकलं!

हातगाडीवर दोन्ही अर्धे घालून आम्ही दुकानात पोचलो, तेव्हा सुतारकाका करवतीला धार लावून बसलेच होते.

"कापू का मग?" ते म्हणाले.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले, की आत्याच्या तोंडातली टाचणी खाली पडली. मी निरोप दिला नाही. दोघांचे एकेक हात धरले, ओढत आणले आणि दोन्ही पडद्यांवर ठेवले. उजवा. डावा.

आत्याने दोन्हींवरून तळवा खाली ओढला. मग आत्याचे कान लाल झाले.

"भिंगरे, तुझ्या बाबाला..." ती थांबली. तिने बाबांकडे पाहिलं. "ढब्बू, मी पायाकडून सुरू केलं रे."

ढब्बू! कितीतरी दिवसांनी.

"दिसलं," बाबा म्हणाले. "आणि मी विचारलं नाही."

"लव खाली हवी. तुझा बरोबर आहे. माझा उलटा करते."

बाबा दोन्ही पडद्यांकडे बघत राहिले, मान एकदा इकडे, एकदा तिकडे. "नको, ताई. स्टेजवर तुझाच रंग उठून दिसेल. माझा उलटा करू."

"शहाणाच आहेस. लव वर म्हणजे धूळ बसेल."

"बसू दे. आपणच झटकायला जाऊ."

हे भांडण होतं, पण हे मला चालणार होतं.

बाबांचा पडदा टेबलावर अख्खा आडवा पसरला, पेन्सिलीच्या रेघेवरून. डोक्याची पट्टी आणि पायाची दुमड दोन्ही उसवायच्या आणि अदलाबदल करून परत शिवायच्या. म्हणजे पाय बाबांच्या टोकाला आले, डोकं आत्याच्या. आत्याच्या देखत बाबा पहिल्यांदाच दुमड घालत होते.

"कोपरा बघ तुझा," आत्या तिकडून ओरडली. "उशी शिवतोयस की काय?"

"चुण्या मोज आपल्या! तिकडे नुसती लाट उसळलीय."

मी मधल्या स्टुलावर बसून टाके उसवत होते. पाचातलं एकही क्रियापद उसवण्याला लागू पडेना. माझे पाय मात्र कधी नव्हे ते गप्प होते. सुतारकाकांनी चहाचे दोन कप रिचवले आणि तिसरा मागितला.

"अहो, कापायचंय की नाही? माझा दिवस गेला!"

"नाही!" दोघं एकदम. या वेळी कुणी चिडलं नाही.

शनिवारी मी सफरचंद सफाईने कापलं, ढलपी चिरली, चादर टर्रकन फाडली, भोपळ्यावर सुरा घातला तेव्हा पहिल्या रांगेवर बिया उडाल्या. मग मी रिकाम्या हातांनी उभी राहिले. मागे पडदा बंद होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच गर्द जांभळा.

"दिविदेरे!" मी ओरडले, आणि शिपाईदादांनी दोरी ओढली.

मागच्या रांगेत बसलेली बाबा आणि आत्या माझ्याकडे बघतच नव्हती. दोघांचे डोळे पडद्याच्या खालच्या कडेवर होते, आणि आत्या बाबांना कोपराने ढोसत होती. तो कोपरा खरंच जरा उशीसारखा झाला होता.

आता सगळं गोड झालं असं नाही. यंत्र आलं. भिंतही झाली, कारण त्याच्या घरघरीने बाबांचं डोकं उठतं. पण सुतारकाकांना करवत टेबलावर नाही, भिंतीवर चालवावी लागली. भिंतीला खाली लांबट खाच पाडलीय आणि टेबल त्यातून आरपार जातं, एक टोक इकडे, एक तिकडे. माझ्या स्टुलाची जागा गेली. मी दोन्ही खोल्यांतून येरझाऱ्या घालत असते. आत्ताच मखमलीचा नवा तागा आलाय, खाचेतून सरकत सरकत पलीकडे चाललाय.

"लव कुणीकडे?" बाबा भिंतीकडे तोंड करून ओरडतात.

पलीकडे यंत्राची घरघर थांबते.