गुलाबी बशीतला मानकरी

मी दवाखान्याच्या दर्शनी दालनातला, काचेच्या बरणीतला पापुद्रा बोलतोय. वरून दिवा सोडलाय, खाली पितळी पाटी आहे: 'इथे मातृत्व रुजते', त्याखाली मालकांचं नाव. माझ्यावर आजवर काहीही रुजून राहिलेलं नाही. पण दिव्याखाली मांडलेल्या मालाला कोणी उलटे प्रश्न विचारत नाही, हा बाजाराचा जुना नियम.

जन्म माझा कातडीचा. खाटकाकडे ज्याला गिऱ्हाईक नसतं, त्यातून मला काढलं. धुऊन धुऊन जनावराचा अंशही ठेवला नाही. उरली ती धाग्यांची विरविरीत जाळी. ती गोठवली, सुकवली आणि तिचे दोन तुकडे कापले. एक मी, दुसरा माझा धाकटा. नव्या इमारतीसारखे आम्ही, खोल्या भरपूर आणि भाडेकरू एकही नाही.

भाडेकरू आले ते एका बाईच्या पोटातून. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची, म्हणून इथे सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. तिचा गर्भ पडला तेव्हा कुठल्याशा घाईतल्या डॉक्टरानं पिशवी साफ करताना ती इतकी खरवडली, की आतलं अस्तरच गेलं. पाळी थांबली. अस्तर नाही, तर गर्भानं धरायचं तरी कशाला? इथल्या डॉक्टरीणबाईंनी शोधून शोधून एका कोपऱ्यात उरलेलं चिमूटभर अस्तर काढलं, त्यातल्या पेशी आम्हा दोघांवर पेरल्या आणि तिला स्वच्छ सांगितलं, "यावर वाढलं तर आत लावू. नाही वाढलं, तर पुन्हा काढायला काही शिल्लक नाही."

"म्हणजे बियाणं संपलं," तिची सासू म्हणाली.

"आई, गप्प बसा ना जरा."

"गप्पच आहे मी. मनातलं होतं, ते जरा मोठ्यानं निघालं."

आम्हाला एकेका बशीत घालून उबेच्या कपाटात ठेवलं. तिथलं जेवण म्हणजे गुलाबी पाणी. पेशी ते खाऊ लागल्या, की त्यांच्या उष्ट्यानं ते पिवळं पडतं. तेव्हा पिवळी बशी ही भरल्या घराची खूण. बशी गुलाबीच राहिली, तर समजावं, ताटाला कोणी हातच लावलेला नाही.

माझी बशी कपाटात पुढे होती, तिथेच सगळं बिघडलं. दवाखान्याचे मालक शेठ. त्यांची कमाई न्हाणीघराच्या फरश्यांची, त्यामुळे चकाकी दिसल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसायचा नाही. पाहुणा आला की ते कपाट उघडायला लावायचे. "बघा, आमच्याकडे गर्भाशय पिकतं." मग पुढची बशी, म्हणजे मी, हातोहात फिरायचो. व्याही आले, बँकेचे साहेब आले, शेठच्या मुलीच्या मैत्रिणी आल्या. एका साडूंनी तर मला वास घेऊन पाहिलं आणि विचारलं, "हे कच्चंच असतं का?"

"शेठ, पेशींना गारवा सोसत नाही हो," डॉक्टरीणबाई दर खेपेला म्हणायच्या.

"अहो, दोन मिनिटं. पाहुणे काय रोज येतात?"

पाहुणे रोजच यायचे. माझे भाडेकरू गारठून एकेक करून मेले. धाकटा मागे अंधारात होता. त्याला कोणी विचारलं नाही, म्हणून तो नांदला.

पापुद्रा आत लावायचा दिवस उजाडला. शेठनी वर्तमानपत्रवाले बोलावले होते, स्वतः नवा कोट घालून आले होते. चष्मेवाली शेजारच्या खोलीत हिरवा झगा घालून बसली होती. कपाट उघडलं. माझी बशी गुलाबाच्या सरबतासारखी. धाकट्याची पिवळी, गढूळ.

शेठनी नाक मुरडलं. "हे नासलंय. टाका. बाईंना गुलाबी लावा. चारचौघांत मी असला माल दाखवणार नाही."

आणि धाकट्याची बशी स्वतः उचलून ते कचऱ्याच्या डब्याकडे वळलेसुद्धा.

शेठना लोकांसमोर चूक म्हणणारा मागचा डॉक्टर आता औषधांचे नमुने घेऊन दारोदार फिरतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. डब्याचं झाकण वर झालं. भिंतीपलीकडे चष्मेवाली सासूला काहीतरी विचारत होती. मग डॉक्टरीणबाई गोड हसल्या. तसं हसू मुरलेल्या दुकानदारालाच जमतं.

"शेठ, एवढी देखणी वस्तू पोटात घालायची? आत तिला कोण बघणार? ही आपण दर्शनी ठेवू. बरणी, दिवा, खाली तुमचं नाव. पोटात काय, तुमच्या हातातलं ते कसंबसं चालवून घेऊ."

शेठ थबकले. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा छायाचित्रकाराकडे. "पाटी पितळी करू," ते म्हणाले. "हे तुम्हाला आधी का नाही सुचलं?"

"आम्हाला कुठे तुमच्यासारखी नजर."

धाकटा पोटात गेला, मी बरणीत. वर्तमानपत्रात फोटो माझा आला.

पुढे बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका सकाळी सासूबाई दालनात धापा टाकत शिरल्या, मागून चष्मेवाली.

"डॉक्टरीणबाई, हिला पाळी आली," म्हणाल्या आणि रडू लागल्या. समोरच्या बाकावरच्या बाया कळवळल्या. एकीनं तर पाण्याची बाटली पुढे केली. बिचारीला काय ठाऊक, की म्हातारी आनंदानं रडतेय. हीच सासू पूर्वी सुनेची पाळी आली की आठवडाभर भांडी आपटायची. अस्तर धरलं होतं. मूल होईल की नाही, ते अजून कोणालाच माहीत नाही; पण घर नांदतं झालं होतं.

सासूबाईंनी माझ्यापुढे हात जोडले.

"आई, ह्याला नको. हा नुसता दिसायला आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय मला."

"तुझ्या सासऱ्यांसारखा म्हणजे," सासूबाईंनी हात खाली घेतले.

चष्मेवालीनं मात्र पर्समधून मऊ फडकं काढलं आणि माझी काच सवयीनं पुसून दिली.

तेव्हापासून मी जास्तच स्वच्छ दिसतो. आत काही नाही, हेही स्वच्छ दिसतं, पण ते बघायला कोणी थांबत नाही. शेठ पाहुणे आणतात, बरणीवर टिचकी मारतात, भाषण करतात आणि चहाला जातात. आतल्या कपाटात आता दुसऱ्या कोणाकोणाच्या बश्या पिवळ्या पडतायत.

म्हणून मंडळी, एक विनंती. इकडे आलात तर माझ्यासमोर हवं तेवढं रेंगाळा, फोटो काढा, वाटल्यास हातही जोडा. माझं बिघडायचं काही राहिलेलं नाही. तुम्ही इथे उभे आहात, तोवर ते कपाट बंद आहे.