मी मूतखडा नव्हे

मी एक खडा बोलतोय. मूतखडा नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. तीन दिवस मला तसं मिरवलं गेलं खरं, पण त्यात माझा काही दोष नव्हता.

माझा जन्म पाणीपुरवठा कार्यालयात झाला, तपासणीच्या खोलीतल्या चहाच्या किटलीत. नळाचं पाणी उकळायचं, वाफ निघून जायची आणि पाण्यातलं जे जड ते तळाशी बसायचं. आधी पांढरा पापुद्रा आला, मग पोपडा धरला. एक दिवस पोपड्याचा तुकडा सुटला, तो मी. पुढे प्रत्येक उकळीला गडगडून, आपटून मी गोल झालो. दिसायला वाटाण्याएवढा, पण अंगाने भक्कम.

त्या खोलीत पाणी तपासनीस बसायचा. दर सोमवारी पाण्याचा जडपणा मोजून आकडा वहीत लिहायचा, हे त्याचं काम. पण त्यासाठी लागणारं औषध चार वर्षांपूर्वीच संपलं. त्याने मागणी केली, तर वरून उत्तर आलं, मागच्या आठवड्याचा आकडा उत्तम आहे, मग औषध कशाला हवं? तेव्हापासून एकशे ऐंशी हा आकडा एका सोमवारकडून दुसऱ्या सोमवारकडे जात राहिला. तळाशी बसून मला हसू यायचं, कारण मी मात्र दर सोमवारी वाढलेला असायचो.

तपासनीसाची बायको समोरच केस धुण्या-कापण्याचं दुकान चालवायची. दुपारी ती त्याचा डबा घेऊन यायची, म्हणून तिची रड मला पाठ झाली होती. साबणाला फेस येत नाही, धुतलेले केस केरसुणीसारखे होतात, गिऱ्हाईक दुसऱ्यांदा फिरकत नाही. तपासनीस घास चावत सांगायचा की पाणी एकशे ऐंशी आहे, उत्तम आहे, तूच नीट खळबळून धूत जा.

"हा तुमचा एकशे ऐंशी जरा साबणाला समजावून सांगा," ती म्हणायची.

सुरुवातीला ती हे हसून म्हणायची. हळूहळू हसणं थांबलं आणि ती येता-जाता आपले हात न्याहाळू लागली. एके दिवशी डबा ठेवताना म्हणाली, "महिनाअखेर दुकान बंद करते. माझा हातच गेला बहुतेक." तपासनीसाने डबा उघडला. किटलीत पाणी खळखळत होतं, पण मी मात्र गार पडलो. आयुष्यात पहिल्यांदा मला लाज वाटली.

त्याच आठवड्यात तपासनीसाच्या कुशीत कळ आली. डॉक्टरीणबाईंनी मूतखडा सांगितला. भरपूर पाणी प्या, लघवी गाळून बघा, खडा पडला की घेऊन या, असा हुकूम झाला. त्याने एक गाळणी आणली आणि हात धुण्याच्या भांड्याशेजारी खिळ्याला अडकवली. शेजारच्या खिळ्याला चहाची गाळणी होती. दोन्ही अगदी एकसारख्या. यावर फार विचार करू नका.

चहा करणाऱ्या मावशींनी किटली ओतली, तेव्हा मी चहाच्या गाळणीत पडलो आणि जाळीत अडकून बसलो. धुतलेली गाळणी मावशींनी चुकीच्या खिळ्याला लावली. अर्ध्या तासाने तपासनीस मला बघून आनंदाने ओरडलाच.

पुढचे तीन दिवस मी काडेपेटीत कापसावर काढले. टेबलाटेबलावर माझं दर्शन झालं. साहेबांनी तपासनीसाचं अभिनंदन केलं. टंकलेखिकेने तर कुणावर गेलाय म्हणून विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी मला तपासायला धाडलं. गावातल्या रक्त-लघवी तपासणाऱ्यांचं यंत्र बंद होतं. त्यांनी मला मोहोरबंद पाकिटात घालून गावातल्या एकुलत्या एका रसायन जाणणाऱ्या माणसाकडे पाठवलं. म्हणजे तपासनीसाकडेच. त्याने स्वतःच्या नावाचं पाकीट सही करून घेतलं, डगला चढवला आणि माझ्यावर आम्लाचा थेंब टाकला. मी चुन्यासारखा फसफसलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग किटलीकडे पाहिलं.

"अहो, हा किटलीतला आहे," मावशी म्हणाल्या. "असे गाळणीतून मी नेहमी झाडते."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही इतके खुशीत होता."

त्याने डगला काढून ठेवला. मग उठून पलीकडच्या शाळेच्या प्रयोगशाळेत गेला. चार वर्षं ज्याच्यावाचून अडलं होतं ते औषध तिथे पाच मिनिटांत मिळालं. त्याने नळाचं पाणी घेतलं आणि त्यात औषधाचे थेंब मोजून टाकू लागला; पाणी जितकं जड, तितके थेंब जास्त. लाल रंग काही निळा व्हायला तयार नव्हता. झाला तेव्हा आकडा आला सहाशे चाळीस.

साहेब म्हणाले, आजारपणात हात थरथरला असेल, एकशे ऐंशी लिहून टाक. तपासनीसाने मला त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"हा माझा नाही, साहेब. आपल्या सगळ्यांचा आहे."

साहेबांनी वहीत सही केली नाही, पण हातातला चहा खाली ठेवला. तपासनीसाने आकडा स्वतःच फाटकावरच्या फळ्यावर लिहिला आणि मला खिशात घालून समोरच्या दुकानात गेला. बायको भिंतीवरचा आरसा उतरवत होती.

"अगं, पाणी सहाशे चाळीस आहे," तो म्हणाला. "चार वर्षं मी न मोजताच सांगत होतो. तुझ्या हाताला काही झालेलं नाही."

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. डोळे भरून आले तिचे, माझेही आले असते. मग तिने त्याला खुर्चीत बसवलं, डोक्यावर नळाचं पाणी ओतलं आणि अर्धी वडी साबण घासला. फेसाचा पत्ता नाही. साबण डोळ्यांत गेला तसा तो कळवळला.

"नीट खळबळून घ्या," ती म्हणाली, आणि तीनदा धुतलं.

आरसा परत लागला आहे. ती आता पाणी उकळून, निवळून वापरते, त्यामुळे मला रोज भावंडं होतात. मी आरशाखालच्या फळीवर असतो. कुणी कुरकुरलं की ती मला दाखवते आणि मग आपले हात दाखवते.

तपासनीसाचा खरा खडा अजून पोटातच आहे. पडला की त्याला माझ्या शेजारी ठेवणार म्हणतात. माझी काही हरकत नाही. फक्त आमच्यावर नावाच्या चिठ्ठ्या लावण्याआधी एकदा तपासून बघा, एवढीच विनंती.